चौकटीवरच्या रेघा

मी मापं घेते.
पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शेडमध्ये,
दिवसाला चारशे बुशिंगं, व्हर्नियरने.
दोन शतांश चुकले तर माल परत.
म्हणून सांगते, मला रेघ कळते.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर ओजसची शेवटची रेघ
एकशे अठरा. माझ्या अक्षरात तारीख,
त्याच्या हट्टाने शेजारी एक चांदणी.
त्यानंतर आठ दिवसांनी तो दही आणायला खाली गेला.
धनकवडीच्या बसथांब्याला लागून डेअरी,
आमच्या गॅलरीतून दिसते.
मी गॅलरीत नव्हते. दूध उतू जात होतं.
हे मी चौकीत खोपडेबाईंना सहा वेळा सांगितलं.
सहाव्या वेळी त्या म्हणाल्या,
दूध होतं ना घरात, मग दही कशाला?
विरजण लागलं नव्हतं, मी म्हटलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

दिवाळीत चौकट पुसायला घेतली
तर चांदणीच्या वर आणखी एक रेघ.
पेन्सिलीची, बारीक, बिनतारखेची.
एकशे वीस पूर्णांक दोन.
संक्रांतीला एकशे एकवीस.
मुलं अशीच वाढतात,
दवाखान्यातल्या तक्त्यासारखी, घाई न करता.

दिगंबरला मी विचारलं नाही.
त्यानेही मला नाही.
पाण्याचा ग्लास घेऊन तो त्या दारातून
अंग चोरून जायचा,
जसं कुणी तिथं पाठ टेकून उभं आहे
आणि धक्का लागायला नको.

घरात कुणीतरी येत होतं.
कडी मी दोनदा तपासायचे, किल्ली उशीखाली.
पेन्सिल शोधली: दप्तरात, गादीखाली, माठामागे.
कंपासपेटी तर खोपडेबाई पिशवीत घालून घेऊन गेलेल्या,
पावती आहे माझ्याकडे.

चैत्रात एका रात्री दाराशी रांगोळी चाळली,
नुसती पांढरी, ठिपके न देता,
आणि जागी राहिले.
कात्रजकडे जाणारे ट्रक मोजत होते.
एकशे नऊपर्यंत आठवतंय.

पहाटे रेघ होती. एकशे बावीस पूर्णांक चार.
रांगोळीत पावलं होती.
टाचा चौकटीला चिकटलेल्या,
डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली,
जोडवी घालताना मांडवात सगळे हसले होते ती करंगळी.

मी पाच फूट एक इंच.
एकशे बावीसला यायला गुडघे किती वाकवावे लागतात,
करून बघितलं. मांड्या लटपटतात.
कित्येक महिने दुखतच होत्या,
मला वाटायचं लिफ्ट बंद असते म्हणून.

पण आपल्याच डोक्यावर आपल्याला सरळ रेघ मारता येत नाही.
ती मागे उतरते. ही उतरली नव्हती.
पट्टी धरून मारलेली.
मग दिसली, माझ्या पावलांसमोर वीतभर अंतरावर,
आणखी दोन. मोठी. बोटं माझ्याकडे.

आत दिगंबर झोपला होता.
पांघरुणाबाहेर त्याचे तळवे, पांढरे.
माझे मी बघितले नाहीत. धुतले.

काल खोपडेबाईंचा फोन.
दौंडला एक मुलगा सापडलाय. बोलत नाही.
आता उंची किती असेल हो तुमच्याची, अंदाजे?
मी दाराशी गेले.
दिगंबर आधीच तिथं होता, बोट वरच्या रेघेवर.
अंदाजे नाही, मी म्हटलं,
आणि आकडा सांगितला, दशांशासकट.

पलीकडे कुणीतरी स्टीलची टेप ओढली.
परत आत जाताना तिचा जो खट्ट आवाज होतो
तो मी रोज ऐकते.
तो अजून झालेला नाही.